दोन मजली डोंगराची राखण

कुवेतमध्ये डोंगर नाही. उत्तरेला समुद्राच्या कडेनं एक लांबट उंचवटा आहे, त्याचं इथल्या लोकांना मोठं कौतुक. आमच्या कोकणात त्याला कुणी नावसुद्धा दिलं नसतं. गुरं सकाळी चढून गेली असती आणि संध्याकाळी उतरून आली असती, एवढंच. तरीही गेली कित्येक वर्षं मी कुवेतमध्ये डोंगर सांभाळायची नोकरी केली. दापोलीकडच्या माझ्या गावात हे कुणाला पटत नाही. माझा थोरला भाऊ लोकांना सांगतो की इब्राहिम तिकडे एसी दुरुस्त करतो. तेही खोटं नाही.

आमच्या इथल्या मंडळींचा दिवाळी अंक निघतो. त्यात जाब्रियाच्या इस्पितळातले डॉक्टर लिहितात, सिस्टर लिहितात, तेलाच्या कंपनीतले इंजिनियर तर दरवर्षी न चुकता लिहितात. संपादकबाई म्हणाल्या, "इब्राहिमभाई, यंदा तुम्ही लिहा. डोंगराच्या राखणदारानं अजून लिहिलेलं नाही." मी म्हटलं, बाई, कुवेतमध्ये तो एकच आहे, दुसरा कुठून लिहिणार.

डोंगर उभा राहिला तो एका सुट्टीमुळे. फिंतासच्या बाजूला एक मॉल आहे. त्याचे मालक अबू फहद एकदा मुलांना घेऊन ओमानला गेले. तिथले उंच, रखरखीत डोंगर मुलांना फार आवडले. गाडीत बसताना धाकटा रडायला लागला की डोंगर घरी न्यायचा. दुसऱ्या कुठल्या बापानं पोराला चॉकलेट दिलं असतं. अबू फहदनी परत आल्यावर मॉलचा मागचा भाग मोकळा केला आणि एका परदेशी कंपनीला डोंगराची ऑर्डर दिली.

डोंगर फायबरचा. आत लोखंडी सांगाडा, उंची दोन मजले, मागच्या अंगानं चढायला उतरता रस्ता. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण आमचा दुरून पाहिला तर फ्रीजवर गोणपाट टाकल्यासारखा दिसायचा. त्याचं खरं काम आत चालायचं. वाळवंटातला डोंगर म्हणजे एक जागा नसते, एकावर एक रचलेल्या पाच-सहा जागा असतात. पायथ्याला तापलेला, खडीचा माळ. त्यातून गेलेलं कोरडं पात्र, त्याला अरबीत वादी म्हणतात. वर ढासळलेल्या दगडांची घसरण, तिच्यावर उभा कडा आणि त्याच्या कपारी. अगदी माथ्याजवळ, जिथे हवा थंड असते, तिथे जुनिपरची वाकडी झाडं. आणि कड्याच्या कुशीत कुठेतरी एखादा झरा. प्रत्येक जागेची झाडं वेगळी, पाली वेगळ्या, पक्षी वेगळे. पायथ्याची पाल माथ्यावर नेली तर मरते. खऱ्या डोंगरात वर जाऊ तशी हवा आपोआप थंड होत जाते. आमच्याकडे ते काम माझं होतं. पायथ्याला मी सत्तावीस ठेवायचो, माथ्याला सतरा, आणि मधली घसरण मधे कुठेतरी. उंची देवाच्या जागी एसीनं दिली होती.

मुलाखत घेतली ती डॉक्टर मिदहत यांनी. हे मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, वनस्पतीशास्त्राचे डॉक्टर, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, डोंगराचे शास्त्रीय प्रमुख. त्यांनी विचारलं, डोंगराबद्दल काय माहिती आहे? मी म्हटलं, सर, मी सह्याद्रीच्या पायथ्याला जन्मलो. त्यांनी लगेच ठेवून घेतलं. सह्याद्रीत वर्षाला किती पाऊस पडतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. नोकरी लागताना माणसानं जास्त बोलू नये.

सगळ्या जागांची नावं बोर्डावर अरबी आणि इंग्रजीत होती. मला ती जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. वादीला पऱ्या, घसरणीला दरड, माळाला सडा. हळूहळू झाडूवाले नेपाळी आणि दारावरचा बंगाली रखवालदार आलमगीरसुद्धा "पऱ्या में पानी छोड़ो" म्हणायला लागले. एका शाळेच्या सहलीला आलमगीरनं सांगितलं की पऱ्या हा अरबी शब्द आहे. बाईंनी मुलांना तो लिहून घ्यायला लावला.

आता गिऱ्हाइकांबद्दल. इथल्या लोकांना हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकून राहायची भारी हौस. गालिचे, लोड, चहाचे थर्मास, शेगडी, सगळं लटांबर घेऊन सहकुटुंब जातात आणि महिनेच्या महिने तिथे जाऊन येऊन असतात. उन्हाळ्यात मात्र बाहेर पाऊल टाकवत नाही. पहिल्याच जूनमध्ये एक म्हातारी बाई, काळा अबाया, हातात काठी, मागे दोन मोलकरणी, पायथ्याच्या माळावर आल्या. मोलकरणींनी गालिचा पसरला. म्हातारीनं चपला काढल्या, लोडाला टेकली आणि थर्मास उघडला. मी धावत गेलो आणि हिंदी-अरबीची खिचडी करून सांगितलं की इथे बसायचं नसतं, हे निसर्गाचं प्रदर्शन आहे.

म्हातारी म्हणाली, "निसर्गात माणूस बसणार नाही तर काय उभा राहील?"

मी डॉक्टर मिदहतना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि पांढरे पडले. त्या उम्म सालेम होत्या, अबू फहद यांच्या सख्ख्या मावशी, आणि आई गेल्यावर त्यांना वाढवणाऱ्या. त्यांना उठवणारा माणूस कुवेतमध्ये नव्हता. आणि त्यांना उठवायचं नाही म्हटल्यावर शेजारी बसलेल्यांना तरी कसं उठवणार? आठवड्याभरात डोंगरावर वस्ती झाली. माळ उम्म सालेमचा. दरडीखाली एक मोठं कुटुंब, त्यांची पोरं दगडांवरून घसरगुंडी करायची. माथ्यावर जुनिपरखाली जाब्रियाच्या आमच्या मराठी सिस्टर मंडळी ड्यूटी संपवून यायच्या, पाय लांब करून बसायच्या आणि भडंग खायच्या. दर शुक्रवारी आम्ही वादीला पूर सोडायचो, तो बघायला गर्दी. पहिल्या पुरात उम्म सालेमचा लोड वाहून गेला. त्यांनी डॉक्टरांना बोलावून सांगितलं की पूर येऊ दे, पण माझा चहा झाल्यावर. तेव्हापासून निसर्ग चहानंतर कोपायचा.

अबू फहदना मात्र काहीतरी कमी वाटत होतं. कड्यावर पेंढा भरलेला एक डोंगरी बोकड होता. त्यांना जिवंत हवा होता. खरा मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गुरांच्या बाजारातून साधा बोकड आणला, शिंगं जरा वळलेली बघून. तो मैदानातला, त्यानं आयुष्यात चढ पाहिला नव्हता. आम्ही चौघांनी उचलून त्याला कड्यावर ठेवला. त्यानं खाली पाहिलं आणि असा ओरडायला लागला की मॉलमधल्या सोन्याच्या दुकानातले लोक बाहेर आले. उतरवल्यावर तो थेट माझ्या एसीच्या जाळीसमोर जाऊन बसला आणि महिनाभर तिथून हलला नाही. डॉक्टर मिदहत प्रामाणिक शास्त्रज्ञ. ते म्हणाले, प्राणी जिथे राहतो तोच त्याचा अधिवास, आणि त्यांनी जाळीवर बोर्ड लावायची तयारी केली. बोर्ड येण्याआधी बकरी ईद आली. त्या बोकडाचं मला अजून वाईट वाटतं. माझ्यासारखाच परक्या जागी नोकरीला आणलेला जीव होता, फक्त दिशा उलटी.

आता झऱ्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथून झालं.

डोंगरावर कायम वाहतं पाणी आणि खरी माती या एकाच ठिकाणी होती. वर रोपांसाठीचे खास दिवे. कंपनीनं तिथे हंसराज नावाचं नाजूक नेचं लावलं होतं, ते मेलं. पुन्हा मागवलं, पुन्हा मेलं. डॉक्टर रोज येऊन उघड्या चिखलाकडे बघायचे आणि उसासे टाकायचे. मी घरी जेवताना हे सहज बोललो. माझी बायको शमीम ताट वाढता वाढता थांबली.

"पाणी हाय, सावली हाय, थंड हाय," ती म्हणाली. "मग अळू का नाय?"

मी म्हटलं, अगो, वाळवंटातल्या डोंगराच्या झऱ्यावर अळू नसतं.

"वाळवंटात झरा तरी खुटं असतो? तो चालतो ना तुमना?"

कोकणी माणसाला ओलसर कोपरा रिकामा बघवत नाही, हा आमचा जातिवंत दोष. न्हाणीच्या सांडपाण्यावर सुद्धा आमच्याकडे अळू आणि कर्दळ लागलीच पाहिजे. शमीम पुढच्या सुट्टीहून येताना काळ्या देठाच्या अळवाचे चार कांदे घेऊन आली आणि एका शुक्रवारी, पूर बघायला आल्यासारखी येऊन, झऱ्यावर पुरून गेली. दोन महिन्यांत पानं सुपाएवढी झाली. कुवेतमध्ये मी इतकं हिरवं काही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. ते पानांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"इब्राहिम, हे काय आहे?"

"सर, पाणी असलं की उगवतंच," मी म्हटलं.

ते वाकले, बोटानं माती उकरली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कुलकास," ते म्हणाले. मिसरमध्ये अळवाचे कांदे मटणात शिजवतात, हे मला तेव्हा कळलं. पानं ते फेकून देतात, हे ऐकून मला धक्का बसला. कांदे आम्ही जमिनीत ठेवतो, हे ऐकून त्यांना. तिथल्या तिथे आमचा करार झाला, पानं शमीमची, जादा कांदे डॉक्टरांचे. आठवड्याभरानं आलमगीर येऊन उभा राहिला. जलीब वस्तीतल्या एका खोलीत ते आठ बंगाली राहतात, आणि अळवाच्या बाजूनं जे लांब दोर फुटतात ते त्यांच्याकडे कोळंबीत घालतात. आम्ही ते उपटून टाकत होतो. दोर आलमगीरला दिले. एवढ्या वर्षांत मी दुसरं एकही झाड पाहिलं नाही की ज्याच्या पानापासून मुळापर्यंत तीन देशांत भांडण न होता वाटण्या झाल्या. शमीमनं मग वड्या करून सिस्टर मंडळींना दिल्या, आणि शेजारधर्म म्हणून माळावरच्या उम्म सालेमना. त्यांनी डबा रिकामा परत पाठवला आणि मोलकरणीबरोबर निरोप दिला की उद्याही आणावा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अबू फहदच्या कुठल्याशा मेहुण्यानं त्यांना सांगितलं की तुमच्या डोंगराला लोक हसतात, तिथे ट्रॅम्पोलिनचा धंदा करा. अबू फहद मनानं खचले. त्यांनी जाहीर केलं की ओमानहून डोंगरांचा खरा जाणकार बोलावतो. तो म्हणाला की हा डोंगर खऱ्यासारखा आहे, तर डोंगर राहील. नाही म्हणाला, तर महिनाअखेर ट्रॅम्पोलिन.

बाहेरच्या वाचकांना एक समजावून सांगायला हवं. इथे माणूस राहतो तो इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आणि इकामा असतो नोकरीवर. माझा इकामा डोंगरावर होता. शमीमचा आणि आमच्या सनाचा माझ्यावर. डोंगर गेला की तिघांनी सामान बांधायचं. एरवी मी बांधलंही असतं, वय झालं होतं. पण सना बारावीला होती. परीक्षा मार्चमध्ये, आणि हा ओमानचा पाहुणा येणार सप्टेंबरात. मध्येच उचलून तिला कुठल्या शाळेत घालणार, कुठल्या बोर्डात? पोरगी हुशार, तिला डॉक्टर व्हायचं होतं. घरात शेजारच्या कुटुंबाचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा, म्हणून ती संध्याकाळी माथ्यावर जुनिपरखाली अभ्यासाला बसायची. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

"अब्बा, इट्स अ फेक माउंटन," ती म्हणाली. "एनी एक्स्पर्ट विल नो."

मी म्हटलं, तू केमिस्ट्री बघ. त्या दिवसांत माझी झोप गेली होती, हे मी कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर मिदहतनी तयारी केली. सिस्टर मंडळींना त्या दिवशी यायचं नाही असं विनवलं. दरडीखालच्या कुटुंबाला मॉलमधल्या हॉटेलात जेवण लावून दिलं. मी पोरांनी पेंढ्याच्या बोकडाच्या तोंडात कोंबलेले वेफर काढले. अळवाचं काय, हा प्रश्न होता. मी म्हटलं, सर, काढून टाकू. ते म्हणाले, कांदे अजून भरले नाहीत. मग त्यांनी तिथे लॅटिन नावाची पाटी लावली आणि खाली लिहिलं, "झऱ्याकाठची रानटी पाणवनस्पती". शमीमला मी बजावलं की त्या दिवशी डोंगराकडे फिरकायचं नाही. उम्म सालेमना मात्र कुणी काही बोललं नाही. त्यांच्याशी बोलायची हिंमत असलेला माणूस कंपनीनं बनवला नव्हता.

पाहुणे आले. उंच, सडपातळ म्हातारे, कमरेला रंगीत पट्टा, डोक्याला तसाच फेटा. नाव डॉक्टर सईद. जन्म डोंगरातल्याच एका गावातला. तरुणपणी मुंबईत शिकलेले, त्यामुळे हिंदी उत्तम. बरोबर अबू फहद, मागे मॅनेजर लोक, सगळ्यात शेवटी मी.

माळावर उम्म सालेम बसलेल्या होत्याच. त्यांनी पाहुण्यांना चपला काढायला लावल्या आणि चहा दिला. पाहुणे बसले, प्यायले, उठले. मग डॉक्टर मिदहत माहिती द्यायला लागले. प्रत्येक ठिकाणी ते पाहुणे एकच प्रश्न विचारायचे.

"इथे कोण राहतं?"

वादीत अमुक जातीची पाल राहते, डॉक्टर सांगायचे. दरडीत साळिंदर. कड्यावर डोंगरी बोकड, कपारीत घुबड. पाहुणे ऐकून घ्यायचे आणि त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. माथ्यावर जुनिपरला हात लावून त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी तीन पक्ष्यांची नावं सांगितली. पाहुणे नुसते "हं" म्हणाले. अबू फहदनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एसीच कमी पडला होता. मला मार्च दिसत होता आणि तो फार लांब होता.

शेवटी झरा आला. तिथे पाहुणे थांबले. दिव्याखाली अळवाची पानं डोलत होती, त्यांवर पाण्याचे थेंब. पाहुण्यांनी पाटी वाचली.

"रानटी?" ते म्हणाले.

"पूर्णपणे," डॉक्टर मिदहत म्हणाले. माणूस खोटं बोलताना इतका ताठ उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

पाहुण्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. असं काही ते पहिल्यांदाच बघत असावेत. नमुना म्हणून एक रोप न्यावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी फेट्याचं टोक मागे टाकलं, वाकले, दोन्ही हातांनी एका जाड देठाला बुडाशी धरलं आणि ओढलं. मी मनात म्हटलं, ने बाबा, सगळं ने, फक्त हो म्हण.

"ए, मुळासकट कशाला उपटतोस? पान काप, पान."

आवाज मागच्या रस्त्यावरून आला. शमीम तिथे उभी होती, हातात सुरी आणि फडक्यानं झाकलेली टोपली. उम्म सालेमच्या घरी त्या दिवशी सून माहेरून यायची होती आणि त्यांनी सकाळीच वड्यांचा निरोप धाडला होता. शमीमला वाटलं होतं पाहुणे एव्हाना गेले असतील. ते झऱ्यावर दिसल्यावर ती कोपऱ्यात गुपचूप उभी राहिली होती आणि तशीच राहिली असती. पण कुणी डोळ्यांदेखत अळू कांद्यासकट उपटतोय, हे आमच्या गावची कुठलीच बाई बघू शकत नाही. नवऱ्याची नोकरी गेली तरी चालेल, कांदा राहिला पाहिजे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पाहुणे देठ धरून तसेच वाकलेले. त्यांना मराठी कळलं नाही, पण रागावलेली बाई कुठल्याही भाषेत कळते.

"क्या बोलती है बहन?"

"कांदा ठेवायचा आत," शमीम आता हिंदीवर आली, "पत्ता काटने का. बाहर का पत्ता पहले, अंदर का छोटा छोड़ने का. नहीं तो अगले महीने क्या खाएँगे?"

अबू फहदनी हळूहळू मान वळवली. "ही कोण?"

"माझी बायको," मी म्हटलं.

"ती माझ्या डोंगरावर काय करते?"

सना मार्चची परीक्षा देणार नाही, एवढंच डोक्यात. तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. उम्म सालेम चढून वर येत होत्या, मोलकरणींच्या खांद्यावर हात ठेवून. आवाज त्यांनी ऐकला होता.

"ती लावते आणि मी खाते," त्या म्हणाल्या. "तुला काही अडचण आहे?"

खाई त्याला खवखवे असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्या क्षणी एकेकाचा घसा खवखवायला लागला. डॉक्टर मिदहत खाली बघून म्हणाले, "कांदे मी नेतो, सर." दारापाशी आलमगीर होता, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, "सर, बाजूवाला डोर मैं लेता. थोड़ा ही लेता." एका मॅनेजरनं कबूल केलं की सिस्टर मंडळींकडून त्याला वडी मिळाली होती आणि ती चांगली होती.

अबू फहद सगळ्यांकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्या डोंगरावर मला सोडून सगळे जेवतात?"

"तूही जेवलास," उम्म सालेम म्हणाल्या. "रमजानात, माझ्याकडे. आणखी मागितलंस."

डॉक्टर सईद तोवर सरळ उभे राहिले होते. त्यांनी हाताची माती झटकली आणि झऱ्याच्या कठड्यावर बसले. ते हसत होते. मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं मराठीत देतो. आमच्या डोंगरात, ते म्हणाले, झरा आणि शेजारी कुणाचा वाफा नाही, असं मी कुठे पाहिलेलं नाही. कुणी डाळिंब लावतं, कुणी लसूण. उन्हाळ्यात खालचे लोक गालिचे घेऊन वर चढतात. म्हाताऱ्या बायका वाटेत बसून येणाऱ्याला चहा पाजतात आणि चपला काढायला लावतात. मी खालून वर आलो, जागोजागी विचारलं इथे कोण राहतं, आणि तुम्ही मला पाली मोजून दाखवल्या. मी म्हणणार होतो की हा डोंगर कधी डोंगरात न राहिलेल्या माणसानं काढलाय. पण ही बहीण मला ओरडली, तसंच माझी आई ओरडायची.

"डोंगर ठीक आहे," ते अबू फहदना म्हणाले. "फक्त वाफ्याला दगडी बांध नाही. बकऱ्या खातील."

आमच्याकडे बकऱ्या नाहीत हे कुणी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः फायबरचे दगड रचून झऱ्याभोवती गडगा घातला, तसाच जसा आमच्या परड्याभोवती आहे. शमीम बघायला आली आणि म्हणाली, वाकडा झालाय. वाकडा झाला होता खरा, पण मी तो तसाच ठेवला.

डोंगर राहिला. सनानं मार्चमध्ये परीक्षा दिली, जुनिपरखालीच अभ्यास करून, आणि ती आता मिरजेला मेडिकलला आहे. निकालाच्या दिवशी मी एसीच्या खोलीत दार लावून रडलो, तिथे मोटारींच्या आवाजात काही ऐकू जात नाही.

रानटी वनस्पतीची पाटी डॉक्टर मिदहतनी काढली आणि नवा बोर्ड केला. एक सबंध नवा अधिवास त्यांनी यादीत घातला, झऱ्याकाठची शेती. बोर्ड लागला तेव्हा सना अजून इथेच होती. तिनं तो आईला वाचून दाखवला. झऱ्यावर थोडी लागवड होते, पानं, कांदे आणि दोर सगळं खाल्लं जातं, असं काहीबाही होतं. आणि शेवटची ओळ, की ही लागवड स्थानिक लोक करतात.

"लोकल पीपल, अम्मी," सना म्हणाली. "दॅट्स यू."

आम्हाला या देशात येऊन अर्धं आयुष्य झालं. दरवर्षी परवाना वाढवून घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, वाढला की वर्षभर श्वास घ्यायचा. इथे आम्हाला कुणी वाईट वागवलं असं नाही, पण स्थानिक कुणी म्हटलं नव्हतं. गावी गेलं की तिथेही "कुवेतवाले आले" म्हणतात. मला ती ओळ वाचून फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं फार वाईटही वाटलं. शमीमनं पदरानं बोर्डाचा कोपरा पुसला. तो स्वच्छच होता.

या उन्हाळ्याअखेर आम्ही कायमचे गावी चाललो. माझ्या जागी केरळचा बिजू आलाय, चांगला मेकॅनिक आहे, मला इक्का म्हणजे दादा म्हणतो. पहिल्या दिवशी मी त्याला पायथ्यापासून माथ्यापर्यंत फिरवलं, कुठे किती तापमान ते सांगितलं, पूर चहानंतर सोडायचा तेही सांगितलं. झऱ्यापाशी तो रेंगाळला. गडग्याच्या आत उजवीकडे हातभर ओली जागा मोकळी आहे, तिच्याकडे तो बघत होता. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "इक्का, इधर एक केला लगाया तो कोई कुछ बोलेगा?"

मी म्हटलं, "लाव. बोर्ड लागलेलाच आहे."